मुद्दाम चुकलेली उत्तरं

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, मान आखडलेल्या शिवणवाल्या काकू शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकत बसल्या. लेकीच्या अंगावर फुटबॉलची जर्सी होती आणि कपाळावर भलंमोठं टेंगूळ.

"रविवारी मी खेळणार. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

"तुझा बाप इथंच बसलाय. अगं, डोक्यावर डोकं आपटून आडवी झाली होतीस!"

"उठले ना पण? आणि आत्ता आत दिली त्या परीक्षेत मी पास होणारच."

"एवढी खात्री?"

"सीझनच्या सुरुवातीला हीच परीक्षा घेतात, शब्द लक्षात ठेवायची. तेव्हा आम्ही सगळ्याजणी मुद्दाम चुकतो. मग पुढे डोक्याला मार लागला, तरी मार्क घसरलेले दिसत नाहीत. कुणी बाहेर बसवत नाही."

"धन्य आहात! म्हणजे आजही मुद्दाम चुकलीस?"

"छे! आज जीव तोडून बरोबर लिहिलं."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. "ये गं आत. मार्क अगदी सीझनच्या सुरुवातीइतकेच आहेत."

"बघ बाबा! तेवढेच! सांगत नव्हते?"

"तेव्हा तू मुद्दाम चुकली होतीस," बाप म्हणाला.

"हो. मग?"

"आणि आज?"

काकूंची सुद्धा मान वळली.

"काही असो, रविवारी मी खेळणार," लेक म्हणाली. पण बाकावरून उठली नाही.