औंदाची मिरची

हॅलो? कोन?... प्राजक्ता? अवं मोठ्यानं बोल बाई, मी चुलीपाशी हाय.

हो, हो... मैनाकाकूच बोलून राहिली. तुये काकाजी कुठं उचलते फोन. बोल.

काय? कालेजात लिवून द्याचं हाय?... अस्सं. अकोल्यात घरोघरी कोरोना अन् आपल्या गावात एकबी नाई, त्याचं कारन. बरं झालं मलेच इचारलं. घे, लिव.

हवा. पयलं कारन हवा. तुमी जठारपेठेत दोन खोल्यांत सहा जनं. खिडकी उघडली की शेजारच्याच्या कूलरची गरम वाफ तोंडावर. आमी आंगनात बाजा टाकून झोपतो. या बाजेवरून त्या बाजेवर जाता जाताच थकन तो कोरोना.

लिवलं?... दुसरं, ऊन. वावरात मानूस सिजून राहिला, तिथं तो जंतू का जगते?

अवं ऐक ना, मधात बोलू नोको. तिसरं म्हंजे... काय? तपासनी? हो, आली होती ना गाडी. समदे वावरात निंगून गेले... कावून म्हंजे? देवराव सरपंचानं वेशीवर फलक लावला ना, 'आमच्या गावात रुग्ण शून्य'. पेंटर बोलावून लिवला. आता नाकात काडी घालून घ्याची अन् फलक पुसाचा? काडी घातली की निंगतेच. तुमी शहरातले घालता कावून?

हासतं काय?

आं? कोन खोकते? तेच. तुये काकाजी... नाई वं, कोरडा खोकला हाय. हरबरा काढला ना, त्याचं कुटार-भुसा नाकात जाते. घरात चुलीचा धूर. दरवर्सी खोकते. सरपंच म्हने, नत्थुजी, चौकात खोकू नोका, गावाचं नाव जाईन. तवापासून घरातच खोकते बिचारे.

ताप? ताप नाई. ऊन लागलं.

आता?... झोपून हाय. न्हानीपर्यंत गेले की दम लागते. वय झालं ना.

घाबरतं कायले तू? जेवतात ना... म्हंजे जेवत होते. अवं, औंदाची मिरचीच सपक. हिवरखेडच्या बाजारातून आनली, तिखट हाय म्हनून फसवलं मेल्यानं. ठेचा केला, त म्हनते, हे काय गवत वाटलं? दुसऱ्या दिवशी मिरच्या दुप्पट टाकल्या. तरी गवतच. आज त लसून करपला, घरभर धूर, अन् हे इचारते, आज फोडनी नाई देल्ली का? आता भेटू दे तो मिरचीवाला, त्याचं पोतंच उलटं करतो.

काय म्हनतं?... हळू बोल.

चव जाते? वासबी?

नाई वं. मिरचीच तशी हाय, सांगतलं ना तुले... मी? मी नाई खाल्ला. मले पित्त हाय, तिखटाले मी बोट लावत नाई.

ओरडू नोको. चाखतो. थांब, भाकर उतरवू दे...

...

...

हाय, हाय. ठेवला नाई फोन. पानी पेत होती.

जीभ जळाली वं. कानातून वाफा निंगाल्या. डोयात पानी आलं.

नाई, रडून नाई राहिली. ठेचा हाय तो.

...

हो. रडून राहिली.

त्या मिरचीवाल्याले फुकट शिव्या देल्या वं मी. मिरची चांगलीच हाय.

काय करू सांग... बोटाले लावाची मशीन? इथं कोनापाशी रायते? दवाखान्याले कुलूप. नर्सबाई येते, पन आली की गाव वावरात पळते. मीबी पळाली होती... अकोल्यालेच आनतो. तू बेड पाह्य. तुया बापाले सांग, भाऊ हाय त्याचा. कुठंबी पाह्य, पन ऑक्सिजनवाला पाह्य.

गाडी? सरपंचाचीच हाय एक. म्हनतो त्याले, फलक पूस नाई त चाट, पन गाडी काढ.

काय?... लिवलेलं? ऊन खोडून टाक. काडीचंबी खोड.

हवेचं राहू दे. हवा लय हाय इथं, पोरी. त्यायच्या छातीत जाऊन नाई राहिली.

ठेव आता. हाक मारून राहिले.