गोळ्यांचा डबा

मनस्वी: सगळा डबा आणलात ना, आई? ओता इथं बाकड्यावर.

शकूबाई: इथं? माणसं बघतायत गो. माझ्या पोराचा पाय कापायला निघालेत नि तुला गोळ्या बघायच्यात.

मनस्वी: डॉक्टरांनी विचारलंय, हरेशने आजवर कुठकुठल्या अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्या. त्याच्या पोटात काय गेलं ते त्याला कुठं माहीत? तुम्हाला माहीत. ओता.

(ऑपरेशन थिएटरबाहेरचं बाकडं. शकूबाई बिस्किटांच्या डब्यातल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या ओतते. सुनेच्या हातात लॅबचा रिपोर्ट.)

शकूबाई: ही लाल-काळी. सर्दी झाली की दोन द्यायची. तिसऱ्या दिवशी पोरगा टुणटुणीत.

मनस्वी: सर्दी विषाणूंनी होते. ही कॅप्सूल विषाणूंना काही करत नाही. तो आपोआप बरा व्हायचा.

शकूबाई: आपोआप कोण बरा होतो काय? तू आलीस तेवा तो तीस वरसांचा होता. तीस वरसं कोणी वाढवला?

मनस्वी: तुम्ही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. ही पांढरी?

शकूबाई: त्याला शुगर निघाली ना, त्या साली लघवीला जळजळ व्हायची. पाच दिवसांची दिलेली. दोन दिवसांत उतार पडला, मग मीच बंद केली. उगाच कशाला पोट जाळायचं? उरलेल्या शेजारच्या दादूच्या दाढेला कामाला आल्या.

मनस्वी: आता हा कागद बघा. जखमेतला पू तपासलाय. ह्या रांगेत औषधांची नावं आहेत. पुढं आर लिहिलं असेल तर ते औषध ह्या जंतूंना आता मारू शकत नाही. ही तुमची पांढरी, आर. लाल-काळी, आर. ही पिवळी, आर.

शकूबाई: मग नवीन आणायला सांग की. मुंबईत मिळत असेल.

मनस्वी: नवीनच चालू आहे सलाइनमधून. लागू पडेल असं ते एकच उरलंय. पण त्या पायात रक्तच नीट पोचत नाही, औषध कसं पोचणार? विष वर चढायला लागलंय. पाय ठेवला तर हरेश राहणार नाही.

शकूबाई: एवढे जंतू माजले कसे गो?

मनस्वी: दोन गोळ्यांनी लेचेपेचे मरतात. दांडगे उरतात, मग त्यांचीच पिलावळ वाढते. तुम्ही घरात बसून ती पोसलीत.

शकूबाई: तू आलीस नि आमच्या घरात दवाखाना शिरला. उलव्याला साइटवर त्याच्या पायात सळई घुसली, नि दुसऱ्याच दिवशी तू कुठं गेलीस?

मनस्वी: करंजाड्याला, माहेरी. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं. जाताना पट्ट्या तुमच्या हातात दिल्या होत्या. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, चौदा गोळ्या. मी रोज फोन करायचे. तुम्ही रोज म्हणायचात, दिली.

शकूबाई: दिली होती.

मनस्वी: ह्या बघा त्या पट्ट्या. दहा गोळ्या शिल्लक आहेत.

शकूबाई: तिसऱ्या दिवशी हृतिकची हळद होती.

मनस्वी: मग?

शकूबाई: चुलतभाऊ त्याचा. सगळे प्यायला बसणार नि माझा पोरगा एकटा सुका बसणार काय? लोक काय बोलतील? गोळीवर दारू चालत नाय, एवढं कळतं मला. म्हणून गोळी थांबवली.

मनस्वी: दारू नाही थांबवली.

शकूबाई: जखम वरून सुकलेली गो. नाचला पण तो. जगनभावजी बोलले, वहिनी, नवरदेव राहिला बाजूला, हरेशच नाचतोय.

मनस्वी: कुठल्या पायावर नाचला?

शकूबाई: नको ना.

मनस्वी: व्हिडिओ आहे माझ्याकडे. दाखवू?

शकूबाई: हळद झाली की परत चालू करणार होते. मग लग्न, मग पूजा. तो पण बोलला, आये, दुखत नाय.

मनस्वी: दुखणार कसं? शुगरमुळे त्या पायाला काही कळतच नव्हतं. पू तेव्हाच आत धरला होता.

शकूबाई: घरात कोणाला सांगू नको. पाया पडते तुझ्या. हा डबा मी खाडीत टाकते.

मनस्वी: टाकायचा नाही. शोकेसमध्ये ठेवणार आहे मी, तुमच्या पलंगासमोर.

शकूबाई: एवढी निष्ठुर नको होऊ गो.

मनस्वी: सही झालीय माझी. गुडघ्याच्या वरून कापणार आहेत.

शकूबाई: त्याला सांगितलंस काय? हळदीचं?

मनस्वी: नाही. पट्ट्या आत्ताच बघितल्या ना मी.

शकूबाई: आत नेताना माझं नाव काढलं काय त्यानं?

मनस्वी: काढलं.

शकूबाई: काय बोलला?

मनस्वी: बोलला, आयेला विचार ना, डब्यात दुसरी कुठली गोळी असेल.