तेल आणायची जोडी

एकोणीसशे बासष्ट साल. मोताळ्याच्या बाजारात विहिरीवरच्या इंजिनाच्या तेलासाठी रांग लागली होती. माझ्यापुढे रिकामा डबा घेऊन शेषराव उभे होते. इंजिन घ्यायचं म्हणून बैलजोडी विकायला आणलेले उकंडराव त्यांना विचारत होते.

"मोट सुटली म्हणा तुमची."

"सुटली. बैल दिवसभर जेवढं भिजवत होते, तेवढं इंजिन दोन तासात भिजवते."

"मंग गहू वाढला असन?"

"गहू तेवढाच. विहिरीत पाणीच तेवढं हाये."

"पण बैलाइले तर आराम झाला?"

"कायचा आराम? रोज या नाहीतर त्या बाजाराले आठ कोस गाडी ओढतात, तेल न्याले."

"म्हणजे तुमी जोडी इकली नाही?"

"इकली तर इंजिन चालन कायच्यावर? उलट थकून राह्यले बिचारे. तुमची जोडी केवढ्याले देता?"