सैल कणीक

परदेशातल्या कपडे धुण्याच्या दुकानात मी माझं मशीन थांबायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक मुलगी आईशी फोनवर बोलत होती. इथे मराठी कोणाला कळणार, म्हणून स्पीकर लावून.

"आई, कणीक किती सैल भिजवायची?"

"अगं बाई, पोळ्या करायला लागलीस?"

"पोळ्यांसाठी नाही. पखवाजाला. डाव्या बाजूला लावायची असते ना?"

"पखवाज? बाबा वाजवायला बसले की दार लावून घेणारी तू?"

"इथे एका कार्यक्रमात ऐकला आणि पाय निघेना. आता शिकतेय. आमच्या बाई इथल्याच आहेत. त्या फार घट्ट लावतात, आवाज बसतो. बाबांना विचार ना."

"त्यांनी तरी कुठे वाजवलाय? तू गेल्यापासून खोळ चढवून ठेवलाय. तूच विचार, कान इकडेच आहे त्यांचा. अहो, घ्या."

"बाबा, रागावलात?"

"घरात फुकट मिळत होतं, ते एवढ्या लांब जाऊन शिकतेस. रागावू नको तर काय? वाजव."

"इथे पखवाज नाहीये. मी कपडे धुवायला आलेय."

"मग मिळेल त्याच्यावर वाजव."

तिने मशीनच्या झाकणावर ठेका धरला. दोनचार माणसं वळून बघायला लागली.

"डावा हात आखडतेस."

"बरं."

"कणीक सैलच हवी. बाईंना सांग. थांब, वाजवूनच दाखवतो. खोळ काढतो."

"बाबा, माझे कपडे धुऊन झाले."

"सुकायला टाक. तोवर मी कणीक लावून घेतो."