टोपड्यावरचा जॉकी

…दार लोटून घ्या ताई, कुणी बघितलं तर आपण दोघंही बाहेर! प्रदर्शनाचं परीक्षण संपेपर्यंत स्पर्धकांनी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणतात ना — मग तुम्ही कशा घुसलात? जाऊ दे, मी तरी कुठे सरळ आलोय, जॅमच्या बरण्यांमागच्या खिडकीतून आलो, ह्या लांबुडक्या तंगड्यांनी एक बरणी लवंडलीच असती. तुमचंही काही उसवलं वाटतं? माझ्या जॉकीचा पाय उसवलाय. हा काय, चहा गरम राहावा म्हणून किटलीला घालतात त्या लोकरी टोपड्यांत — घोड्यावर बसलाय तो. म्हणजे माझा नव्हे हं, माझ्या बहिणीचा, नोरीनचा. मी आपला नुसता सुई घेऊन आलोय.

हसताय काय? घोडाच आहे तो, कांगारू नाही! तोटी तोंडातून, किटलीचा कान शेपटीत. आधी उलटं केलं होतं, पण मग चहा नको तिथून यायला लागला आणि आमच्या पाद्रीबुवांनी कप पुढे करायला साफ नकार दिला. जॉकीचे पाय लांब? असणारच, माझेच आहेत ते! मला जॉकीच व्हायचं होतं ना — लहानपणी उशीला लगाम बांधून झोपायचो. आणि मग वाढलो. नुसता वाढतच सुटलो! उंची खुंटावी म्हणून डोक्यावर बटाट्याचं पोतं घेऊन हिंडलो, जेवण तोडलं — छे! तबेल्याच्या मालकांनी मला घोड्यावर चढवलं, मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "क्लाइव्ह, तू बसलायस की उभा आहेस?" सगळा तबेला हसला. मीही हसत हसत उतरलो. घरी जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

मग जन्मभर मेंढ्या कातरल्या. लोकर गाठोड्यात गेली की आपला संबंध संपला. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं माझ्या हातात विणायच्या सुया कोंबल्या — का, तर मी फार बोलतो म्हणून! मी बोलतो फार? आणि ताई, काय सांगू, रात्रंदिवस घोडेच सुचायला लागले. भुरे, काळे, ठिपक्यांचे! नोरीन म्हणते — अहो कसली नोरीन, तिला बटण लावता येत नाही! मीच विणतो सगळं. दरवर्षी तिच्या नावावर ठेवायचो, नाहीतर पबमधल्या मंडळींनी मला जगू दिलं नसतं. यंदा मात्र कार्डावर माझं नाव घातलंय. कार्ड पालथं असतं म्हणून धीर झाला. पहिल्या नंबराची निळी फीत लागली की उलटतात, मग वाचू दे सगळ्या गावाला.

पण लागतेय कुठली! परीक्षक बाई सिडनीची आहे म्हणे. मागच्या खेपेला तिकडे तिनं पहिला नंबर कुणाला दिला ठाऊक आहे? फ्लॉवरच्या गड्ड्याला! विणलेला फ्लॉवर! जन्मात घोडा बघितलाय की नाही कोण जाणे. आणि नियम काय, तर स्पर्धक परीक्षकाशी बोलला की बाद. मी म्हटलं, बोलायचंय कुणाला तिच्याशी! जरा धरा हो घोडा, असा. तुमची ही पिशवी सरकवतो बाजूला — काय भरलंय एवढं? फिती? लाल… निळ्या…

अरे देवा.

काय म्हणालात? मी टॉयलेट शोधत आत आलो, असं समजायचं? हो! अगदी बरोबर, टॉयलेटच शोधत होतो, चुकून आलो, आणि हा घोडा कुणाचा ते मला काय ठाऊक, मी तर ह्याला आज पहिल्यांदाच —

नाही हो ताई. नाही जमत. एकदा उतरलोय हसत हसत, आता नाही उतरत. हा माझा आहे. क्लाइव्ह ट्रेगेन्झा, मी विणलाय. बाद लिहायचं तर लिहा, पण कार्ड सुलटं ठेवून जा. आणि आता सरका बघू तिकडे, उजेड अडतोय — पाय शिवायचा राहिलाय.