सासूबाईंना सात दिवस खेळबंदी

दंतवैद्याकडे नंबराची वाट पाहणाऱ्या निवृत्त ड्राफ्ट्समननी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. कान मात्र शेजारच्या सासू-सुनेकडे लागले होते.

"आई, आपल्या गटाच्या ऑनलाइन शब्दखेळात तुम्हाला सात दिवस बंदी."

"अगं, रविवारी अंतिम सामना आहे!"

"बाबांच्या नावानं दुसरं खातं उघडलंत आणि गुणांसाठी त्या खात्याला आठ वेळा हरवलंत."

"ते नाहीतरी नुसते बसूनच असतात."

"माणशी एकच खातं, हा नियम सुचवला कोणी?"

"मीच. तेव्हा मी हरत होते ना!"

"मग या वेळी सोडून देऊ? गटप्रमुख मीच आहे."

"खबरदार! घरच्यांना सूट दिलीस, तर पहिली तक्रार माझी असेल."

"मग रविवारी काय करणार?"

"यांना खेळायला शिकवीन. खातं तयारच आहे."

ड्राफ्ट्समनचा नंबर पुकारला गेला. ते उठले नाहीत.