धुण्याच्या डब्यातली जाळी

निर्मळ गावी रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे हिरामणभाऊ आणि द्वारकावहिनी उभे होते.

"अहो, स्कूटरचे पार्ट धुवायला या महिन्यात थेंबभर रॉकेल देणार नाही. आधी स्टोव्ह."

"नकोच! धुण्याच्या डब्यात मी जाळी बसवलीय. गाळ खाली राहतो, वरचं रॉकेल पुन्हा वापरता येतं."

"अगंबाई! जाळी कुठून आणलीत?"

"घरातच होती. गोल, बारीक भोकांची. अगदी मापात बसली."

"माझ्या पुरणयंत्राची?"

"काढून देतो ना. त्याच डब्यात लख्ख धुऊन!"

"आणि ती जाऊबाईंनी नेली असं समजून मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरलाय!"

"मग आज बोल."

"मी नाही. उद्या होळी आहे. त्यांचं यंत्र तुम्ही मागून आणायचं. आणि का लागतंय, तेही सांगायचं."